विल्यम्सबर्ग खरं की बांधलेलं? अमेरिकेतल्या वसाहतकालीन राजधान्या पाहताना

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी उत्तर व्हर्जिनियात राहते, आई-वडील ऑक्टोबरात पुण्याहून येणार आहेत आणि नंतर न्यू जर्सीत एडिसनला नातेवाइकांकडे जाणार आहेत. वडिलांना इतिहासाचं वेड. अमेरिका स्वतंत्र होण्याआधीच्या राजधान्या त्यांना दाखवायच्या आहेत, पण त्यांतलं व्हर्जिनियाचं विल्यम्सबर्ग म्हणजे निव्वळ चित्रनगरी, सगळं नवं बांधलेलं, असं कुणीतरी सांगितलंय. तर जावं का, आणि अस्सल काय हे ओळखायचं कसं?

मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतो, त्यातलं बरंचसं चेसापीक उपसागराच्या आसपासच्या विटांच्या इमारतींवर. त्यामुळे उत्तर लांबणार. जरूर जा, पण विल्यम्सबर्ग एकटं पाहू नका. व्हर्जिनियातलं जेम्सटाउन आणि विल्यम्सबर्ग, शेजारच्या मेरीलँडमधलं ॲनापोलिस असं त्रिकूट करा, जमलं तर मेरीलँडचीच सेंट मेरीज सिटी जोडा. या गावांचं नशीब एकाच गोष्टीवर ठरलं: सत्ता कधी आली आणि कधी उठून गेली. जिथे सत्ता टिकली आणि पैसा वाढत गेला तिथे जुनं पाडून नवं उभं राहिलं. जिथून सत्ता गेली ते गाव एकतर मातीत गेलं, नाहीतर गरिबीमुळे जसंच्या तसं पडून राहिलं आणि पुढे कुणाच्या तरी नजरेत भरलं.

जेम्सटाउनपासून सुरू करा. १६०७ च्या मे महिन्यात लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीची तीन जहाजं इथे लागली, १०४ पुरुष आणि मुलगे उतरले. जागा निवडली ती बचावाच्या दृष्टीने: तीन बाजूंना पाणी आणि काठापर्यंत जहाज आणता येईल इतकी खोल नदी. राहायला मात्र वाईट. दलदल, डास, मचूळ पाणी. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने किल्ल्यात जेमतेम साठएक माणसं उरली. त्यांनी मेलेल्यांचं मांस खाल्लं, हे जुन्या पत्रांतून लिहिलेलं होतंच. २०१२ मध्ये उकरलेल्या एका मुलीच्या कवटीवर सुरीचे वार सापडले आणि शंका मिटली. १६१९ च्या जुलैत इथल्या चर्चमध्ये निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खाली पॉइंट कम्फर्टला गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक उतरवले गेले. व्हर्जिनियाच्या इतिहासाचे दोन्ही धागे असे एकाच उन्हाळ्यात सुरू होतात.

१६७६ मध्ये, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकानंतर दोनच वर्षांनी, नॅथॅनिएल बेकन नावाच्या बंडखोराने ही राजधानी जाळली. पुन्हा बांधली, तर १६९८ मध्ये सभागृह परत जळलं. मग लोकांनी या जागेचा नाद सोडला आणि १६९९ मध्ये राजधानी काही मैल आत, उंचावरच्या मिडल प्लँटेशन या वस्तीत हलवली. तेच विल्यम्सबर्ग. जेम्सटाउनमध्ये पुढे शेती झाली. जमिनीवर सतराव्या शतकातलं उरलं ते फक्त चर्चच्या विटांच्या मनोऱ्याचं खोड.

पहिला किल्ला नदीने गिळला, अशी शतकभर समजूत होती. १९९४ मध्ये पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी खणायला सुरुवात केली आणि किल्ल्याचा बराचसा भाग जमिनीतच निघाला. लाकडी खुंट केव्हाच कुजून गेलेले, पण ते जिथे रोवले होते तिथली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा काळपट दिसते. एका रेषेत असे गोल काळे डाग दिसले की ती तटबंदी. उत्खनन चालू असेल तर तिथे थांबा, काम करणाऱ्यांना प्रश्न विचारा. ते हौसेने दाखवतात.

एक खबरदारी. जवळजवळ सारख्या नावाची दोन ठिकाणं आहेत. ‘जेम्सटाउन सेटलमेंट’ हे संग्रहालय आहे, तिथे जहाजांच्या आणि किल्ल्याच्या प्रतिकृती आहेत. ‘हिस्टॉरिक जेम्सटाउन’ ही मूळ जागा. आपले बरेच लोक पहिल्याच ठिकाणी तिकीट काढतात, जहाजावर फोटो काढतात आणि ‘जेम्सटाउन पाहिलं’ म्हणून परततात. मुलं सोबत असतील तर दोन्ही करा. वेळ एकाचाच असेल तर दुसरं. तेही लवकर, कारण चढत्या पाण्याने ही जागा धोक्यात आहे. २०२२ मध्ये तिचं नाव देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ११ ऐतिहासिक स्थळांच्या यादीत होतं.

आता विल्यम्सबर्ग. हे गाव आपोआप वाढलेलं नाही, आखलेलं आहे, आणि आखणारा माणूस म्हणजे गव्हर्नर फ्रान्सिस निकलसन. तापट गडी. लूसी बर्वेल नावाच्या मुलीच्या तो इतका मागे लागला की ती दुसऱ्याशी लग्न करेल तर नवरा, लग्न लावणारा पाद्री आणि परवाना देणारा न्यायाधीश अशा तिघांचे गळे कापीन म्हणाला होता. नगररचनेत मात्र त्याचं डोकं शांत होतं. सुमारे मैलभर लांबीचा सरळ रस्ता, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट. पश्चिम टोकाला विल्यम अँड मेरी कॉलेज, पूर्व टोकाला विधिमंडळाची इमारत, मध्ये चर्च आणि चौक, आणि रस्त्याला काटकोनात हिरवळीच्या टोकाशी गव्हर्नरचा वाडा. विद्या, कायदा, धर्म आणि राजा, प्रत्येकाची जागा ठरलेली. १६९९ च्या कायद्यात मुख्य रस्त्यावरची घरं रस्त्यापासून सहा फूट मागे आणि एका ओळीत हवीत असंही लिहिलं होतं. रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही बाजूंच्या ओळी पाहा, हा नियम अजून डोळ्यांना दिसतो. माझ्या मते विल्यम्सबर्गमधली सगळ्यात अस्सल गोष्ट ही आखणीच आहे.

१७८० मध्ये, थॉमस जेफरसन गव्हर्नर असताना, राजधानी रिचमंडला गेली आणि गाव झोपलं. जवळजवळ दीडशे वर्षं कुणाकडे जुनं पाडून नवं बांधण्याइतका पैसाच नव्हता, ही पुढच्या गोष्टीची खरी गुरुकिल्ली. ब्रूटन पॅरिश चर्चचे पाद्री डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांनी गाव पुन्हा जुन्या रूपात उभं करण्यासाठी अब्जाधीश जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांना गळ घातली. १९२६ च्या डिसेंबरात पहिलं घर घ्यायला होकार आला तो तारेने, आणि तारेखाली सही ‘डेव्हिडचे वडील’. नाव फुटलं असतं तर जमिनीचे भाव गगनाला भिडले असते. पुढची दीड वर्षं गुडविन स्वतःच्या नावावर घरं घेत राहिले, पाद्रीबुवांकडे एवढा पैसा आला कुठून म्हणून गाव कुजबुजत राहिलं. १९२८ च्या जूनमध्ये गावसभेत खुलासा झाला.

मग जे झालं ते दोन तोंडांचं. ऐंशीहून अधिक मूळ इमारती दुरुस्त झाल्या, कित्येक जुन्या पायांवर नव्याने उभारल्या गेल्या, आणि १७९० नंतरची म्हणून सातशेहून अधिक बांधकामं पाडली गेली. त्यात लोकांची राहती घरं होती, दुकानं होती, एकोणिसाव्या शतकातल्या चांगल्या इमारतीही होत्या. आज आमच्या धंद्यात कुणी असा प्रस्ताव मांडला तर त्याला बैठकीतून उठवतील. एका काळाचं चित्र स्वच्छ करण्यासाठी पुढचे दीडशे वर्षांचे थर पुसून टाकले, ही माझी या जागेबद्दलची मुख्य तक्रार आहे. ‘खोटं आहे’ ही तक्रार मला तितकीशी पटत नाही, कारण पुनर्रचना मनाने केलेली नाही.

गव्हर्नरचा वाडा हे त्याचं उत्तम उदाहरण. १७८१ च्या ऑक्टोबरात शेजारच्या यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला, जखमींसाठी हा वाडा इस्पितळ केला गेला आणि २२ डिसेंबरला तो जळून गेला. (हाच कॉर्नवॉलिस दहा वर्षांनी टिपूवर चालून गेला तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या सोबतीला होते. वडिलांना हे आवडेल.) उभारणीच्या वेळी तीन पुरावे हाताशी होते. जेफरसन या वाड्यात राहिला होता आणि त्याने खोल्यांची मापं घेऊन नकाशा काढून ठेवला होता. जमिनीखाली पाया आणि तळघर होतं. आणि १९२९ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात एक तांब्याचा कोरलेला पत्रा सापडला, त्यावर वाडा, विधिमंडळ आणि कॉलेज यांची दर्शनी चित्रं होती. मजले किती, धुराडी कुठे, छपरावरचा मनोरा कसा, सगळं त्यात. १९३४ मध्ये उघडलेला वाडा बाहेरून बराच भरवशाचा आहे तो यामुळे. मागची बाग मात्र १९३० च्या दशकातल्या आवडीची जास्त, अठराव्या शतकाची कमी. त्याच बागेत खणताना १५६ सैनिकांच्या कबरी निघाल्या; इस्पितळात मेलेले ते. तिथे एक साधा फलक आहे, लोक त्यावरून नजर न टाकता पुढे जातात.

विधिमंडळाच्या इमारतीची गंमत वेगळी. इथे ‘कॅपिटॉल’ दोनदा बांधलं गेलं. पहिलं १७०५ मध्ये पूर्ण झालं, १७४७ मध्ये जळलं. दुसरं १७५३ चं, त्याच पायावर पण वेगळ्या तोंडवळ्याचं. ब्रिटिश संसदेने कागदपत्रांवर लादलेल्या कराविरुद्ध, म्हणजे स्टॅम्प ॲक्टविरुद्ध, प्रतिनिधी पॅट्रिक हेन्री १७६५ मध्ये बोलला ते दुसऱ्यात, आणि व्हर्जिनियाने १५ मे १७७६ ला स्वातंत्र्याचा ठराव केला तोही दुसऱ्यात. आज उभं आहे ते पहिल्याचं रूप, कारण त्याचे पुरावे जास्त होते. म्हणजे ज्या भिंतींकडे बोट दाखवून क्रांतीची गोष्ट सांगितली जाते, तशा भिंती क्रांतीच्या वेळी तिथे नव्हत्याच. शिवाय १९३० च्या वास्तुविशारदांची सममितीची हौस या इमारतीत जरा जास्तच उतरली, अशी टीका पुढे हे गाव सांभाळणाऱ्या संस्थेतल्याच अभ्यासकाने केली. मार्गदर्शकाला हे विचारा. चांगला असेल तर खुलून बोलेल.

आता ओळखायचं कसं. वाड्यावरून निघालात की पॅलेस ग्रीन या हिरवळीच्या कडेला कायदेपंडित जॉर्ज विथ यांचं घर लागतं, ते मूळ आहे. भिंतीजवळ जा. जमिनीलगतच्या भागात विटांचा एक थर लांब तोंडांचा, एक आखूड तोंडांचा, असे थरावर थर. वर गेल्यावर प्रत्येकच थरात लांब-आखूड-लांब-आखूड. कोपऱ्यांच्या आणि खिडक्यांच्या कडेच्या विटा घासून गुळगुळीत केलेल्या, रंगाने थोड्या उजळ. इथल्या बऱ्याच जुन्या भिंतींत आखूड तोंडांवर निळसर राखाडी काचेसारखी झाक दिसते. भट्टीत आगीच्या अगदी जवळ होत्या त्या विटा, आणि गवंड्यांनी त्या मुद्दाम दर्शनी वापरल्या. दरजांमधल्या चुन्यात पांढरे ठिपके दिसतील, ते कालवांच्या शिंपल्यांचे तुकडे. या किनाऱ्याला चुनखडी नाही, म्हणून शिंपले जाळून चुना करत. १९३० च्या कारागिरांनीही विटा हातानेच पाडल्या, त्यामुळे नुसत्या विटेवरून निकाल देऊ नका. कडा पाहा. अडीचशे वर्षांच्या गोठण-वितळणीने झिजलेली कड, मध्येच बदललेली वीट, बुजवलेल्या खिडकीची खूण, वेगवेगळ्या काळात भरलेल्या दरजा. सगळी भिंत एकसारखी म्हातारी दिसत असेल तर ती बहुधा एकदम जन्मली आहे.

मूळ इमारतींपैकी चर्च (१७१५), त्याच वर्षीचं अष्टकोनी दारूगोळ्याचं कोठार, १७७० च्या सुमाराचं कोर्ट आणि वसाहतीच्या विधिमंडळाचे सभापती पेटन रँडॉल्फ यांचं घर चुकवू नका. कॉलेजची रेन बिल्डिंग तीनदा जळली तरी भिंती बऱ्याच जुन्या आहेत. कोठारातूनच २१ एप्रिल १७७५ च्या पहाटे गव्हर्नर डनमोरने गुपचूप बंदुकीची दारू हलवली आणि गाव खवळलं.

आणखी एक इमारत. क्रांतीच्या वेळी या गावात निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते, बहुतेक गुलामीत. ते इथल्या गोष्टीत फार उशिरा आले. १७६० ते १७७४ या काळात इथे कृष्णवर्णीय मुलांसाठी ब्रे स्कूल नावाची शाळा होती. तिची पहिली जागा म्हणजे एक छोटंसं लाकडी घर. ते १९३० मध्ये सरकवलं गेलं आणि कॉलेजच्या आवारात दुसऱ्याच नावाने, दुसऱ्याच रूपात वापरात राहिलं. २०२० मध्ये त्याच्या तुळयांतल्या वाढीच्या वर्तुळांवरून लाकूड तोडल्याचा काळ ठरला आणि ओळख पटली. २०२३ मध्ये घर अख्खं उचलून ऐतिहासिक भागात आणलं. मोठ्या वाड्यावर दोन तास घालवणार असाल तर इथे अर्धा तास द्या.

पुण्याचा माणूस वाडा पाहून शनिवारवाड्याचा विषय काढणारच. तोही जळाला, १८२८ मध्ये, आणि आपण तट-दरवाज्यांच्या आत पाया तेवढा ठेवला. मी आपल्या बाजूचा आहे. जेफरसनचा नकाशा आणि तांब्याचा पत्रा यांच्या तोडीचा पुरावा हातात नसेल तर बांधू नये.

ॲनापोलिसला गेलात की निकलसन पुन्हा भेटतो. व्हर्जिनियाला परतण्याआधी तो मेरीलँडचा गव्हर्नर होता, आणि १६९५ मध्ये त्याने तिथली राजधानी इथे आणली. इथे त्याने सरळ रस्त्याऐवजी दोन वर्तुळं आखली, उंचावर सरकारचं, शेजारी चर्चचं, आणि त्यांतून किरणांसारखे रस्ते फोडले. अरुंद, उताराचे, खाली बंदर. विल्यम्सबर्गहून आलात की फरक लगेच जाणवतो: इथे आजही आमदार येतात-जातात, वकिलांची ऑफिसं आहेत, गाडी लावायला जागा मिळत नाही. ही राजधानी उठून गेलीच नाही. व्यापार तेवढा बॉल्टिमोर शहराने पळवला, म्हणून जुनी घरं वाचली.

स्टेट हाउसचं काम १७७२ मध्ये सुरू झालं, आणि विधिमंडळाच्या सलग वापरात असलेली ही देशातली सर्वांत जुनी राज्य-कॅपिटॉल. २३ डिसेंबर १७८३ ला जॉर्ज वॉशिंग्टनने इथे सेनापतिपद परत केलं, पुढच्या १४ जानेवारीला युद्ध संपवणारा पॅरिसचा तह इथेच मंजूर झाला. जुनं सिनेट दालन पाहा, आणि घुमटाखाली वॉशिंग्टनच्या हस्ताक्षरातलं निरोपाचं भाषण. वरचा घुमट लाकडाचा आहे हे खालून कुणाला पटत नाही. सुटीच्या दिवशी विधिमंडळ बंद असेल तरी दालनं सहसा उघडी असतात. ओळखपत्र मात्र जवळ ठेवा.

तिथून चालत विल्यम पाका यांच्या घरी जा; स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते एक. घर १७६० च्या दशकातलं. मागच्या दोन एकरांच्या बागेवर विसाव्या शतकात भलं मोठं हॉटेल उभं होतं. १९६५ मध्ये ते पाडलं, भराव काढला, तेव्हा खाली उतरत्या पायऱ्यांची जमीन, भिंतींचे पाये आणि झरा निघाला. वर काय होतं हे समजलं एका व्यक्तिचित्रावरून: चार्ल्स विल्सन पील यांनी काढलेल्या पाकांच्या चित्रात मागे बागेतला दुमजली बंगला आणि चिनी धाटणीचा पूल रंगवलेला आहे. पाकांच्या खांद्यामागच्या त्या वीतभर रंगावरून बंगला आणि पूल दोन्ही परत उभे राहिले. बंदरावर जायचं तर भरतीची वेळ पाहा. उधाणाला धक्क्यावरच्या गटारांतून पाणी वर येतं आणि रस्ता ओला होतो, पाऊस नसतानाही.

सेंट मेरीज सिटी वॉशिंग्टनपासून दक्षिणेला दोनेक तासांवर. १६३४ पासून मेरीलँडची पहिली राजधानी. कॅथलिक बॉल्टिमोर घराण्याची, म्हणून प्रॉटेस्टंट उठावानंतर निकलसनने ती हलवली आणि गाव शेतात विरून गेलं. याच कारणाने ते पुरातत्त्वज्ञांचं माहेरघर आहे, कारण वर कुणी काही बांधलंच नाही. जिथे घराचा पाया मिळाला पण रूप माहीत नाही, तिथे नुसता लाकडी सांगाडा उभा केलाय, भिंती नाहीत, छप्पर नाही. माहिती संपली तिथे बांधकाम थांबवलं. इतका प्रामाणिकपणा मी फार कमी ठिकाणी पाहिला.

बाकीच्यांबद्दल झटपट. फिलाडेल्फियातलं इंडिपेन्डन्स हॉल म्हणजे मुळात पेन्सिल्व्हेनिया वसाहतीचं सरकारी भवन. सरकार १७९९ मध्ये निघून गेल्यावर ही जागा विकायला निघाली होती, १८१६ मध्ये शहराने विकत घेतली म्हणून वाचली. वरचा मनोरा १८२८ चा. बॉस्टनचं १७१३ चं जुनं स्टेट हाउस आज उंच इमारतींच्या खोबणीत बसलंय, खाली भुयारी रेल्वेचं स्टेशन. डेलावेअरमधल्या न्यू कॅसलला अर्धा दिवस पुरे. राज्याची उत्तरेची सीमा गोल आहे आणि त्या कमानीचं केंद्र तिथल्या कोर्टाच्या छपरावरचा मनोरा. नॉर्थ कॅरोलायनातला ट्रायन पॅलेस दूर पडेल, शिवाय तो १९५० च्या दशकात पुन्हा बांधलेला आहे, मूळचा एक बाजूचा भागच उरलाय. या खेपेला सोडा.

एडिसनला जाणार आहात तर तिथून थोड्या अंतरावर पर्थ अँबॉय आहे, हे एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनाही सहसा माहीत नसतं. न्यू जर्सीच्या दोन राजधान्या होत्या, पर्थ अँबॉय आणि बर्लिंग्टन, कारण मुळात त्या दोन वेगळ्या वसाहती होत्या. १७०२ मध्ये एक झाल्या तरी विधिमंडळ आळीपाळीने दोन्हीकडे भरत राहिलं. पर्थ अँबॉयमध्ये १७६० च्या दशकातलं ‘प्रोप्रायटरी हाउस’ आहे, मूळ तेरा वसाहतींपैकी राजाच्या गव्हर्नरचं अजून उभं असलेलं एकमेव अधिकृत निवासस्थान. इथे विल्यम फ्रँकलिन राहायचा, बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा. बाप क्रांतीच्या बाजूने, पोरगा राजाच्या. १७७६ च्या जूनमध्ये त्याला याच घरात अटक झाली, आणि बापलेकांचं पुढे कधी नीट जमलं नाही. घराचं पुढे हॉटेल झालं, मग भाड्याच्या खोल्या, त्यामुळे आतून थाटमाट फार नाही. रोज उघडं नसतं, वेळ पाहूनच निघा.